‘च’चं इंग्रजी

त्या एका इंग्रजी शब्दातून दुभाष्याला काय मिळायचं होतं, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणारा उगीच त्याच्याबद्दल चांगलं मत करून बसायचा. रोजंदारीवरचा माणूस कायम होणार होता. जिन्याखालच्या टेबलावरून उठून खिडकीजवळच्या टेबलाशी बसणार होता. घरी मुलगी नुकतीच झालेली होती, आणि बायकोला माहेरी सांगण्यासारखं काहीतरी हवं होतं, तेही मिळणार होतं. पण या सगळ्याहून मोठी प्राप्ती ही, की त्याला कुणी काही विचारणार नव्हतं. माणसं जन्मभर मरमर करतात ती बहुतेक एवढ्याचसाठी, की आपल्याला कुणी काही विचारू नये. त्या मानाने शब्द अगदीच फुटकळ होता. ओन्ली. इंग्रजी येणारा वापरतो, न येणारा तर जास्तच वापरतो. असा शब्द तोंडातून पडला तर वाकून उचलायलाही कुणी थांबत नाही.

तेव्हा नुकतीच झालेली ती मुलगी आता बापाच्या इंग्रजीला हसण्याएवढी मोठी झाली होती. एका कंपनीत फोनवर बोलणाऱ्या पोरापोरींना इंग्रजी बोलायला शिकवणं हा तिचा धंदा. सकाळी चहाच्या वेळी नळ दुरुस्त करणाऱ्याचा फोन आला. तो कुठल्या मुलखातला होता कोण जाणे, त्याला मराठी येत नव्हतं. दुभाषी मोठ्या उत्साहाने म्हणाला, “कम, कम. आय ॲम ॲट होम ओन्ली.” मुलीने कप खाली ठेवला आणि ती पोट धरून हसायला लागली.

“बाबा, काय हे! त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, या माणसाला घराशिवाय जगात दुसरी जागाच नाही.”

“घरीच आहे, एवढंच म्हणालो मी.”

“तेच ते! तुम्ही सगळे ‘च’चं ‘ओन्ली’ करता. माझ्या वर्गात रोज हेच दळण. काल एक मुलगा म्हणतो, ही इज माय ब्रदर ओन्ली. म्हणजे काय, त्या भावाने दुसरं काही व्हायचंच नाही?”

“मग ‘च’चं करायचं काय?”

“काही करायचं नाही. त्या शब्दावर जरा जोर द्यायचा, झालं. ‘च’ नुसतं बोट ठेवतो हो. ‘ओन्ली’ बाकीच्या सगळ्यांना खोलीबाहेर काढतं आणि आतून कडी लावतं. आणि जागा बदलली की अर्थ बदलतो, ते निराळंच.” मग तिने बापाच्या खांद्यावर थोपटलं. “एवढी वर्षं दुभाषी म्हणून तुम्हाला पगार कुणी दिला हो?”

हे ती थट्टेने म्हणाली, आणि थट्टेत काही गैर नव्हतं. पण दुभाष्याने कप उचलला तो ओठांपर्यंत गेलाच नाही. चहावर साय धरेपर्यंत तो नुसता बघत बसला. सायीला मधोमध एक सुरकुती पडली. मग तो उठला आणि चपला घालायला लागला.

“बाबा, निघालात कुठे? तो नळवाला येतोय ना? घरीच आहे म्हणालात ना त्याला?”

“तू आहेस की,” तो म्हणाला, आणि जिना उतरला.

बसमध्ये जागा मिळाली. खिडकीची काच धड बंद होत नव्हती, धड उघडत नव्हती, आणि रस्त्यात खड्डा आला की खडखडत होती. मुलीचं वाक्य त्याच्या डोक्यात तसंच खडखडत राहिलं. त्याला पहिल्यांदा वाटलं ते हे, की हे आपल्याला ठाऊक होतं. मग वाटलं, ठाऊक नव्हतं. मग वाटलं, जे ठाऊक नसण्यात आपला फायदा असतो ते ठाऊक नव्हतं असं म्हणण्याला काय किंमत? दुभाष्याच्या धंद्यात ही एक सोय असते: शब्द तुमच्या तोंडातून बाहेर पडतो, पण तो तुमचा नसतो. शिवी दिली तरी ती दुसऱ्याची, शपथ घेतली तरी ती दुसऱ्याची. नळातून पाणी जावं तसं माणसातून बोलणं जातं, आणि नळाला कधी कुणी तहान विचारत नाही.

ते औषधांचं भांडार होतं. वरच्या मजल्यावर कचेरी, खाली लांबच लांब मांडण्या, आणि टोकाला थंड खोली. तिचं दार हातभर जाड. बंद करताना लोखंडी दांडा आधी वर उचलायचा आणि मग अंगाच्या भाराने दाबायचा. नीट बसला की आतून ‘धप्प’ असा आवाज यायचा. दाबला नाही तर दार लागल्यासारखं दिसायचं, पण लागलेलं नसायचं. खोलीत लहान मुलांना टोचायची औषधं असायची, म्हणून त्या खोलीचा मान मोठा. तिची जबाबदारी एका बाईकडे होती. तिला सगळे भांडारबाई म्हणत, आणि ती दुभाष्याला बुवा म्हणायची. “काय बुवा, आज कुणाचं खोटं कुणाच्या भाषेत घातलंत?” चारचौघांत ती असं ‘घातलंत’ म्हणायची ते चेष्टेने, दोघंच असली की “तू डबा आणलास का रे?” दुभाष्याने डबा आणलेला असला तरी तो कधीकधी नाही म्हणायचा. असल्या गोष्टींना नाव नसतं, आणि दोघंही नाव ठेवायच्या भानगडीत पडली नाहीत.

थंड खोलीची किल्ली दारावरच्या चौकीत मामांकडे असे. मामा म्हणजे पहारेकरी. त्यांच्या चौकीत वही नव्हती, मामांची जीभ हीच वही. आणि त्या जिभेला ‘च’चं व्यसन होतं. “आत्ताच आलो. चहाच पितोय. बरंच आहे.” पोरं त्यांची नक्कल करायची, “मामा, जिवंतच ना?” तर मामा गंभीरपणे म्हणायचे, “हो, जिवंतच.” त्या उन्हाळ्यात जिन्याखालचं टेबल भट्टीसारखं तापायचं. जेवण झालं की दुभाषी चौकीत जाऊन नुसता हात पुढे करायचा आणि मामा किल्ली द्यायचे. थंड खोलीत एक रिकामं खोकं उलटं टाकलेलं होतं. त्यावर शर्टाची वरची बटणं उघडून बसायचं, डोळे मिटायचे. मानेवरचा घाम गार होत होत पाठीवरून उतरायचा, आणि काही क्षण बायको, पोर, घरमालक, वरचे साहेब, सगळे काचेपलीकडे गेल्यासारखे व्हायचे. हे मामांना ठाऊक होतं. बाईला नव्हतं. तिला सांगायचं त्याच्या पुष्कळदा मनात आलं होतं, कारण ती हसली असती. पण खोली तिची होती, आणि परवानगी मागितली असती तर तिला नाही म्हणावं लागलं असतं. आपल्यामुळे तिला नाही म्हणावं लागू नये, इतका तो विचारी होता. निदान तेव्हा त्याने स्वतःला तसं समजावलं होतं.

एका संध्याकाळी दार फटीएवढं उघडं सापडलं. आतली हवा कोमट होती. खोक्यांतली औषधं सगळी फेकून द्यावी लागली. कुणा मुलाला काही झालं नाही, कारण टोचायच्या आधीच कळलं होतं. पण वरून साहेब आले. त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, म्हणून दुभाष्याला बोलावणं आलं. लांब टेबल, एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला मामा आणि बाई, आणि मधे टोकाला तो, दोन्हीकडचा आणि कुणाचाच नसलेला. वर पंखा.

साहेबांनी मामांना विचारलं, त्या दुपारी किल्ली या बाईंना दिली होती का. दुभाष्याने मराठी केलं. मामांनी बाईकडे पाहिलं, अगदी मायेने पाहिलं, आणि म्हणाले, “हो, हिलाच दिली.”

आता या ‘च’मध्ये मामांनी काय घातलं होतं? ही बाई म्हणजे हीच, दुसऱ्या कुणाशी माझी गल्लत होत नाही, माझी नजर अजून शाबूत आहे, एवढंच. दुभाष्याने जराही न थांबता म्हटलं, “येस सर. टु हर ओन्ली.” इथपर्यंत तो निर्दोष होता. इथपर्यंतचा त्याचा हिशेब कुणालाही दाखवावा. सगळ्या गावाने केली असती अशी चूक होती ती, आणि सवयीच्या चुकीला पाप कुणी म्हणत नाही.

पण साहेब नेमके माणूस होते. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि मान वर केली. “ओन्ली टु हर?”

शब्द शेपटीकडून उठून तोंडाशी येऊन बसला होता. साहेब विचारत होते, हिला एकटीलाच? दुसऱ्या कुणालाच नाही? दुभाष्याने मामांकडे वळून तीन शब्द विचारायचे होते: “आणखी कुणाला दिली?” आणि मामांनी आपल्या त्या सपाट, खऱ्या आवाजात, बोटाने दाखवून म्हटलं असतं, “आणि यांना.” दुभाष्याने मामांकडे पाहिलं. मामा पंख्याकडे पाहत होते. घरी पोरगी पाळण्यात होती. कायम करायचा कागद साहेबांच्याच पिशवीत होता असं कुणीतरी म्हणालं होतं.

“येस सर,” दुभाषी म्हणाला.

बाईला तेवढं इंग्रजी समजत होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, तरी दिसलं: तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. ती बेरीज करत होती. जिन्यात ती त्याच्या बाजूला येऊन थांबली. भिंतीचा नवा रंग तिच्या पदराला लागला, पण तिचं लक्ष नव्हतं.

“मी लावलं होतं रे दार. दांडा उचलला, दाबला, धप्प झालं. मला आठवतंय.”

“असेल.”

“पण किल्ली दुसऱ्या कुणाकडे नव्हतीच ना. मग मीच. भूत थोडंच येणार आहे दार उघडायला?”

त्या वेळी, त्या जिन्यात, त्याने तिला धीर दिला. “माणूसच आहे. होतं असं,” तो म्हणाला.

तिची नोकरी गेली. ती गेली तरी माणसाला दुसरी मिळते. पण तिचं दुसरंच काहीतरी गेलं होतं, आणि ते दुभाष्याला हळूहळू, वर्षानुवर्षं, बघायला मिळालं. कारण तो तिच्याकडे जात राहिला. भांडारातलं दुसरं कुणी गेलं नाही. ती भावाकडे राहायची. बाहेर पडताना कुलूप लावायची, ओढून बघायची, जिना उतरायची आणि पुन्हा चढायची. वहिनी हसून म्हणायची, “वन्सं, कुलूप दमलं हो!” भावाला मुलगा झाला, तेव्हा वहिनीने बाळ नणंदेच्या मांडीवर दिलं. दिलं, पण स्वतः खोलीबाहेर गेली नाही. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं, तरी गेली नाही. बाईने ते पाहिलं, आणि तिला त्यात काही अन्याय दिसला नाही. ती नंतर दुभाष्याला म्हणाली, “बरोबरच आहे तिचं. माझ्या हाताचा काय भरवसा?” तिने आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, दुसऱ्या कुणाचे वापरायला आणलेले असावेत तसे. दुभाषी तेव्हाही म्हणाला होता, माणूसच आहे. त्याला तोवर ते वाक्य पाठ झालं होतं.

आणि यातूनही त्याला प्राप्ती होती, ती लपवण्यात अर्थ नाही. तिच्या लेखी जगात एकच सज्जन उरला होता, आणि तो हा. तिच्याकडे जाऊन आलं की त्याला दोन दिवस बरं वाटायचं.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला होता. भाऊ-वहिनी मुलाकडे दूरच्या शहरात राहायला गेले. “दादा म्हणतो, दोन्ही खोल्या तूच ठेव. पण मी एकटी कशी राहू रे? एखाद्या दिवशी गॅस उघडा राहील, आणि वरची-खालची माणसं जातील माझ्यापायी. मी आश्रमात नाव घातलंय. तिथं बरं असतं, दारं दुसरेच लावतात. बुधवारी दादा खोल्या घेणाऱ्याला घेऊन येतोय.” दुभाषी म्हणाला होता, “बरं केलंस.” आज बुधवार होता. बस थांबली, तो उतरला, आणि आपण बसचं तिकीट मुठीत चुरगाळून त्याचा लगदा केला आहे हे त्याच्या लक्षात आलं.

दार तिनेच उघडलं. “ये. आज कसा उगवलास? बस कुठंतरी, खुर्च्या बांधून टाकल्यात.”

खोल्यांत खोकी होती, आणि भिंतींवर तसबिरी काढल्याचे फिकट चौकोन. ती चहा टाकायला आत गेली. दाराच्या चौकटीतून त्याला तिची पाठ दिसत होती. तिने शेगडी पेटवली, आधण ठेवलं, मग काय आठवलं कोण जाणे, विझवली, आणि बटणावर बोट ठेवून स्वतःशीच म्हणायला लागली, “बंद. बंद आहे. बंद.” लहान मुलाला अंगाई म्हणावी तसा आवाज होता. दुभाषी उठून चौकटीत जाऊन उभा राहिला.

“त्या दिवशी किल्ली माझ्याकडेही होती,” तो म्हणाला.

कुठल्या दिवशी, असं तिने विचारलं नाही. त्यांच्यात दिवस एकच होता.

त्याने सांगितलं. उन्हाळा, उलटं खोकं, उघडी बटणं, मामांपुढे केलेला हात. साहेबांचा दुसरा प्रश्न आणि आपलं उत्तर. सांगताना वाक्यं नीट लागत होती, एकामागून एक, दुसऱ्या कुणाचं बोलणं भाषांतर करून सांगावं तशी. ती ओट्यावरून फडकं फिरवत राहिली. ओटा कोरडाच होता.

“जेवणानंतर गेलास?”

“हो.”

“मीही जेवणानंतरच गेले होते. माझ्या आधी गेलास, की नंतर?”

“ठाऊक नाही. तू जाऊन आलीस, हेच मला संध्याकाळी कळलं.”

“दार लावलंस?”

त्याने डोळे मिटले. इतकी वर्षं या एका जागेभोवती तो प्रदक्षिणा घालत आला होता, पण गाभाऱ्यात पाऊल ठेवलं नव्हतं. दांडा हाताला गार लागायचा, ते आठवलं. धप्प आवाज आठवला. पण तो त्या दिवशीचा, की आदल्या दिवशीचा, की कुठल्याशा भलत्याच उन्हाळ्यातला? सगळ्या दुपारी एकीवर एक रचून ठेवल्यासारख्या होत्या, आणि नेमकी हवी होती तीच मधून ओढून काढता येत नव्हती.

“बुवा,” ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. “मला अर्धवट नको काही. माझ्याकडे अर्धवट पुष्कळ आहे. सरळ सांग. तूही, की तूच?”

जन्मभर दोन भाषांच्या मधे उभा राहिलेला माणूस पहिल्यांदाच एकाच भाषेच्या दोन अक्षरांमधे सापडला. ‘ही’ खरं होतं. ‘ही’ म्हटलं असतं तर अर्धा संशय तिच्याकडे राहिला असता, आणि संशयाचं असं आहे की अर्धा ठेवला तरी तो पुऱ्याएवढीच जागा अडवतो. तिने आणखी पंधरा-वीस वर्षं बटणावर बोट ठेवून अंगाई म्हटली असती, दुसऱ्यांनी लावलेल्या दारांआड.

“मीच,” तो म्हणाला.

“नक्की?”

“नक्की. वरून हाक आली म्हणून घाईत निघालो. दांडा दाबलाच नाही.” ती हाक त्याने तिथल्या तिथे बनवली. मूळ बोलण्यात जिथे खिंडार असेल तिथे पदरचं घालून वाक्य पुरं करायचं, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं.

ती एका खोक्यावर बसली. खाली कुणीतरी गालिचा झटकत होतं. “धप्प झालं होतं,” ती म्हणाली. “मला आठवत होतं. मी तुला जिन्यात सांगितलंसुद्धा.” मग तिने फोन उचलला. “दादा, त्या माणसाला आणू नकोस… नाही, विकायच्या नाहीत. मी इथंच राहणार. हो, एकटी… अरे हो, राहीन. लावीन मी दारं. मला येतात लावता.” शेवटचं वाक्य ती रागाने बोलली, आणि तो राग ऐकून दुभाष्याला इतकं हलकं वाटलं की त्याने शर्टाच्या बाह्या वर करायला घेतल्या.

“खुर्च्या सोडायला हव्यात मग,” तो म्हणाला. “मी थांबतो. सामान लावून देतो.”

“तुम्ही निघा आता.”

त्याने मागे वळून पाहिलं. दुसरं कुणी आलं आहे की काय, असं त्याला खरोखर वाटलं.

“जिन्यात तुम्ही मला म्हणालात, माणूसच आहे, होतं असं,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर त्याला सोपं गेलं असतं. “तेवढं एक मी जपून ठेवलं होतं. सगळ्यांनी मला दोष दिला, पण एकाने माफ केलंय, म्हणून. वहिनीने मला बाळाजवळ एकटं सोडलं नाही, त्या दिवशीसुद्धा मी ते काढून बघितलं. तुम्ही कोण हो मला माफ करणारे?”

खरं तर आता ‘ही’ म्हणता आलं असतं. मीच नव्हे, कदाचित तूही. मला ठाऊक नाही, मी तुझ्यासाठी म्हणालो. ते वाक्य त्याच्या जिभेपर्यंत येऊन बसलं, आणि त्याने ते गिळलं. त्याच्या साऱ्या धंद्यात एवढं महाग वाक्य त्याने दुसरं गिळलं नव्हतं. बाह्या खाली करून बटणं लावायला त्याला वेळ लागला. ती थांबून राहिली, परक्या माणसासाठी थांबावं तशी, सभ्यपणे.

तर आता वसुली कुणाकडून झाली ते बघायचं. मामा केव्हाच गेले, त्यांच्याकडे काही निघत नाही. साहेब प्रश्न विचारून मोकळे झाले होते. दुभाष्याने भरला एक ‘तू’, आणि बदल्यात एक ‘मीच’ घेऊन तो जिना उतरला. तो खरा की खोटा, हे त्याला आता मरेपर्यंत कळायचं नव्हतं. तिला तिच्या खोल्या राहिल्या, हात परत मिळाले, आठवण परत मिळाली. फक्त त्या खोल्यांकडे वाट वाकडी करून येणारं जे एक माणूस होतं, ते तिला या सगळ्यापायी मोजून द्यावं लागलं. चूक कुणाची होती याचा निकाल लागला नाही. पण भरलं तिनेच. तेव्हाही, आणि आज, सगळं फिटलं तेव्हाही.